बोलण्याचे शास्त्र आणि मुका वर्ग

मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे आणि चाकण या दोन औद्योगिक केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात, सुदुंबरे हे गाव आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांची समाधी येथे असल्याने हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. संताजींच्या नावे चालत आलेल्या वहीच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास गाथ्याची आवृत्ती प्रसिद्ध केली. इंद्रायणीच्या काठी मूठभर श्रोत्यांपुढे उच्चारलेले शब्द कागदावर उतरले, म्हणूनच ते तुकोबांना कधी न पाहिलेल्या असंख्यांपर्यंत पोहोचले. सांगणारा एका ठिकाणी, ऐकणारा दुसऱ्या ठिकाणी आणि दोहोंमध्ये केवळ शब्द, या स्थितीलाच आजच्या परिभाषेत दूरशिक्षण म्हणतात. त्या अर्थाने या गावाचा दूरशिक्षणाशी असलेला संबंध तीन शतकांहून जुना आहे.

वहीची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी नियम केले, २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित नियम लागू केले आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून या मार्गाने मिळविलेली पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाईल, असे २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. दिवसा कारखान्यात किंवा कचेरीत काम करणारा सुदुंबऱ्याचा पदवीधर रात्री घरी बसून पदव्युत्तर शिक्षण घेऊ शकतो, ही सामान्य गोष्ट नव्हे. तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि या व्यवस्थेचे मोल तिने किती पदव्या वाटल्या यावरून ठरणार नाही. तिला कसोटीचा एखादा विषय लावून पाहावा लागेल. अशी कसोटी पाहणारा एक विषय भाषाविज्ञानात आहे. इंग्रजीत त्याला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. मराठीत त्याला भाषेचा प्रयोगविचार म्हणता येईल.

शब्दांच्या पलीकडचा अर्थ

वाक्याची रचना कशी होते हे व्याकरण सांगते, शब्दाचा अर्थ कोश सांगतो. पण अमुक माणसाने अमुक प्रसंगी अमुक माणसाला उद्देशून ते वाक्य उच्चारले, तेव्हा त्याने नेमके काय केले, हा तिसरा प्रश्न उरतोच. चार्ल्स मॉरिस यांनी १९३८ मध्ये या तीन प्रश्नांची शास्त्रीय विभागणी केली. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, बोलणे हे पुष्कळदा नुसते सांगणे नसते, ती एक कृती असते. ही व्याख्याने १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यानंतर पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या व्याख्यानांत, बोलणाऱ्याने न उच्चारलेला अर्थ ऐकणारा कसा काढतो याची मीमांसा केली आणि प्रयोगविचाराला शास्त्राचे रूप आले.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. 'मुलगी दिली' हे शब्द योग्य माणसाने योग्य बैठकीत उच्चारले की सोयरीक ठरते. त्या समारंभाला वाङ्निश्चय हे नावच आहे. लिलावात 'तीन वार' हा उच्चार झाला की मालाची मालकी बदलते. निरोप घेताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि निघालेल्या पाहुण्याच्या तोंडी हा शब्द ऐकून यजमानाचा गोंधळ होत नाही. 'साहेब बाहेर आहेत' हे खिडकीतून आलेले उत्तर साहेबांचा ठावठिकाणा सांगण्यासाठी नसते, हे अर्जदाराला कोणी शिकवावे लागत नाही. सूर्यास्त झाल्याचे एक साधे विधान गुराखी, व्यापारी, विरहिणी आणि संध्येला बसणारा ब्राह्मण यांना किती निरनिराळे अर्थ सांगते, याची चर्चा संस्कृत काव्यशास्त्रात शतकानुशतके चालत आली आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाचा ध्वनिविचार हा या शास्त्राचा एक थोर पूर्वजच म्हटला पाहिजे.

फलक लावला, पण इशारा दिला काय?

हा सगळा बुद्धीचा विलास आहे, असे कोणी म्हणेल. त्याने सुदुंबऱ्यापासून फार दूर नसलेल्या कुंडमळ्याचे स्मरण करावे. १५ जून २०२५ रोजी तेथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता, असे नंतर सांगण्यात आले. दोष कोणाचा हा प्रश्न वेगळा आहे, त्याची चौकशी ज्याची त्याने करावी. भाषेच्या अभ्यासकापुढचा प्रश्न असा की, फलक लावला म्हणजे इशारा दिला काय? ऑस्टिन यांच्या विवेचनाप्रमाणे, ऐकणाऱ्याने तो इशारा म्हणून ओळखला नाही तर इशारा देण्याची कृती पुरी होत नाही. गावोगावी 'धोका' हा शब्द इतक्या भिंतींवर आणि खांबांवर लिहिलेला असतो की, तो वाचणाऱ्याला काही करायला सांगत नाही. लिहिणाऱ्या खात्याची जबाबदारी मात्र तो उतरवितो.

पावसाळ्यात निघणाऱ्या सरकारी सूचनांची भाषाही अशीच तपासण्यासारखी आहे. 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' हे वाक्य विध्यर्थी आहे. विध्यर्थ हा कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा यांपैकी काहीही दर्शवू शकतो, हे शाळेतले व्याकरणच सांगते. मग हे वाक्य आज्ञा आहे, सल्ला आहे की शुभेच्छा? म्हातारी आई, दोन म्हशी आणि वर्षाचे धान्य घेऊन रात्री घर सोडायचे की नाही हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा भेद व्याकरणाचा राहत नाही, जिवाचा होतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचे ठाणे सुदुंबऱ्यासच आहे. आपत्तीत कोण काय बोलले आणि ते कोणी कसे ऐकले, याचा मराठीपुरता शास्त्रीय अभ्यास व्हायचा असेल, तर त्याला याहून उचित गाव शोधून सापडणे कठीण.

प्रयोगशाळा दारात, शिक्षक दूर

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा दूरस्थ पद्धतीने देणे अवघड असते. प्रयोगविचाराच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा त्याच्या ओसरीवर असते. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणारी घरे, देवाला मात्र सर्वांनी 'तू' म्हणणे, बोलणाऱ्यासह ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही', पतीचे नाव न घेण्याची आणि उखाण्यात तेच घेण्याची रीत, जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी पद्धत, यातील प्रत्येक गोष्ट प्रबंधाचा विषय होऊ शकते. 'तो आला म्हणे' यातील 'म्हणे' ऐकीव बातमीची जबाबदारी झटकते, तर 'तुका म्हणे' या नाममुद्रेतील तोच शब्द विधानाची संपूर्ण जबाबदारी उचलतो. शब्द एक, पण कृती परस्परविरुद्ध. चाकणच्या कारखान्यांमुळे अनेक प्रांतांतील कामगार या परिसरात आले आहेत. मराठी 'तू' आणि हिंदी 'तू' यांच्या वजनातला फरक न ओळखल्याने किती मने दुखावतात आणि किती भांडणे जुंपतात, हेही येथे रोज पाहावयास मिळते.

अशा सामग्रीचे मोल परकीय अभ्यासकांनी पूर्वीच ओळखले. पिनेलपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांचा सौजन्यविषयक सिद्धान्त १९७८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. तो ज्या तीन भाषांच्या आधारे उभा आहे त्यांपैकी एक तमिळ आहे, आणि ती सामग्री कोइमतूर जिल्ह्यातील एका खेड्यातून गोळा केलेली आहे. जगभरच्या वर्गांत त्या खेड्यातील बोलण्याची उदाहरणे शिकविली जातात. मावळातले बोलणे त्याहून दरिद्री नाही. ते टिपून घेणारा शिकलेला कान येथे नाही, एवढाच फरक.

असा कान घडविण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भाषाविज्ञानाची सत्रे भरली आणि देशातील भाषाभ्यासकांची एक पिढी त्यातून पुढे आली. ना. गो. कालेलकर आणि अशोक केळकर यांनी हा विचार मराठीत आणला. दुसरीकडे मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन उभे राहिले. विद्या येथे होती आणि ती घरोघरी नेण्याची वाटही येथेच होती. या दोन प्रवाहांचा संगम घडवून आणण्याचे काम तेवढे अपुरे राहिले. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाची पत्रिका असते, पण तिचा बहुतेक वेळ ध्वनी, पद आणि वाक्य यांतच संपतो. माणसे प्रत्यक्ष बोलतात कशी, या प्रश्नापर्यंत ती क्वचितच पोहोचते. आणि इंटरनेटवर या विषयाचे जे चांगले साहित्य उपलब्ध आहे ते जवळजवळ सगळे इंग्रजीत आहे.

एका बाजूचे संभाषण

भाषेची अडचण भाषांतराने काही अंशी दूर होईल. खरी अडचण निराळीच आहे आणि ती अर्थशास्त्राची आहे. ध्वनिचित्रित व्याख्यान तयार करण्याचा खर्च एकदाच येतो. मग ते शंभर जणांनी पाहिले काय आणि लाख जणांनी पाहिले काय, खर्चात नाव घेण्याजोगी वाढ होत नाही. म्हणून विद्यार्थीसंख्या वाढेल तसा दरडोई खर्च घटत जातो आणि कोणत्याही शासनाला ही गोष्ट मोहक वाटावी यात नवल नाही. परंतु विद्यार्थ्याने लिहिलेला स्वाध्याय वाचणे, त्यातील चूक कोठे झाली ते ओळखणे आणि त्याला समजेल अशा शब्दांत उत्तर देणे, या कामाचा खर्च विद्यार्थ्यागणिक वाढतो. यंत्राने येथे फारशी काटकसर होत नाही. चार वादकांना एखादी रचना वाजविण्यास जितका वेळ शंभर वर्षांपूर्वी लागत होता तितकाच आजही लागतो, हे बाउमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखविले. शिक्षकाच्या प्रत्युत्तराचीही तीच गत आहे. परिणामी संस्था व्याख्यानावर खर्च करतात आणि प्रत्युत्तरात बचत करतात.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या केंद्रीय योजनेची आखणी कागदावर निर्दोष आहे. व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकानिरसनाची चर्चा असे तिचे चार भाग आहेत. त्यांतले पहिले तीन एकदा सिद्ध झाले की कायमचे झाले. चौथ्याला मात्र दर वेळी जिवंत माणूस लागतो, आणि म्हणूनच कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमात सर्वांत आधी हाच भाग कोमेजण्याचे भय असते. नाव नोंदविणाऱ्यांपैकी बहुसंख्य जण असे मोफत अभ्यासक्रम पुरे करीत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. त्यात आळसाचा भाग असेल. पण ज्या बोलण्याला प्रत्युत्तराची अपेक्षाच नाही त्याकडे माणसाचे लक्ष फार काळ टिकत नाही, हेही तितकेच खरे.

इतर विषय हा तोटा कसाबसा सोसतात. सांख्यिकीचे गणित सुटले की नाही ते विद्यार्थी स्वतः पडताळू शकतो. प्रयोगविचाराला मात्र ही सोय नाही. ऐकणाऱ्याच्या सहभागावाचून अर्थ पुरा होत नाही, हेच ज्या शास्त्राचे पहिले सूत्र, ते शास्त्र ऐकणाराच नसलेल्या वर्गात शिकवायचे, यासारखी विसंगती दुसरी नसेल. पुष्कळशा ऑनलाइन परीक्षांत बहुपर्यायी प्रश्नांवर भर असतो. 'येतो' म्हणून पाहुणा उठला, तर या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न करून चार पर्याय दिले तर खरे उत्तर एकच निघेल: कोण, कोणाला, केव्हा म्हणाला ते आधी सांगा. ते उत्तर देणारा विद्यार्थी या परीक्षेत नापास होईल आणि शास्त्रात मात्र तोच एकटा उत्तीर्ण ठरेल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शहरातल्या प्रत्यक्ष वर्गात तरी संभाषण कोठे असते? प्राध्यापक टिपणे सांगतात, विद्यार्थी उतरवून घेतात, तास संपतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वर्गाच्या बाहेर व्हरांडा असतो, उपाहारगृह असते, ग्रंथालयाची पायरी असते. तास मुका असला तरी महाविद्यालय मुके नसते. पुण्यास जाणाऱ्या लोकलमध्येसुद्धा दोन विद्यार्थी अभ्यासावर वाद घालू शकतात. सुदुंबऱ्यात रात्री एकट्याने पडद्यापुढे बसणाऱ्याला यातले काहीच नाही. त्याचा प्रवासखर्च वाचतो, खोलीचे भाडे वाचते, नोकरी टिकते, आणि हे लाभ खरोखरच मोठे आहेत; मुलाबाळांच्या पाठीमागे शिकू पाहणाऱ्या गृहिणीला तर दुसरा मार्गच नाही. म्हणूनच मार्ग बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही. त्या मार्गावर माणूस उभा करणे हाच उपाय आहे.

उपाय खर्चाचा, पण आवाक्यातला

जुन्या दूरशिक्षणाला हे कळले होते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांचा फार बोलबाला झाला, पण त्या विद्यापीठाची खरी शक्ती स्वाध्याय तपासून सविस्तर अभिप्राय पाठविणाऱ्या शिक्षकांत होती. आपल्याकडील मुक्त विद्यापीठानेही अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र आणि समंत्रक यांची योजना याच हेतूने केली. ऑनलाइनच्या उत्साहात हा सांगाडा मोडीत काढण्याऐवजी त्यात प्राण भरला पाहिजे.

त्यासाठी चार गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, या विषयाची पाठ्यपुस्तके मराठीत मुळातून लिहविणे. लंडनच्या चहापानाचे संवाद भाषांतरित करून काम भागणार नाही. उदाहरणे बाजारातली, कचेरीतली आणि माजघरातली हवीत. दुसरी, एका समंत्रकामागे किती विद्यार्थी असावेत याची मर्यादा नियमाने बांधणे आणि स्वाध्यायावर लेखी अभिप्राय देण्याचा योग्य मोबदला अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखविणे. जे खर्चात दिसत नाही ते व्यवहारात होत नाही. तिसरी, गुणांचा मोठा वाटा क्षेत्रीय कामाला देणे. विद्यार्थ्याने आपल्या गावातील एखादे संभाषण संबंधितांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे, त्याचे विश्लेषण करावे आणि दुसऱ्या जिल्ह्यातील सहाध्यायाने ते तपासावे. कोल्हापूरकडील मुलीच्या तोंडचे 'मी आलो' वऱ्हाडातील विद्यार्थी कसे ऐकतो, ही तुलना एका गावच्या वर्गात होणारच नाही; ती ऑनलाइन वर्गातच होऊ शकते. दूरत्वाचा हा एक खराखुरा लाभ आहे आणि तो अद्याप कोणी पुरता घेतलेला नाही. चौथी, तालुक्याच्या महाविद्यालयात पंधरा दिवसांतून एकदा प्रत्यक्ष अभ्यासमंडळ भरविणे. सुदुंबऱ्याच्या विद्यार्थ्याला तळेगाव गाठणे पुण्याइतके जड नाही. स्वभाषेतून ज्ञान देऊ पाहणाऱ्या विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय याच तळेगावात चालत होते आणि १९१० मध्ये परकीय सरकारने ते बंद पाडले. आज बंद पाडणारे सरकार नाही. चालविण्याची इच्छा तेवढी हवी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद साजरा झाला, आणि तो योग्यच होता. पण अभिजात भाषा म्हणजे केवळ जुन्या पोथ्यांची भाषा नव्हे. ती आजही पूल ओलांडणाऱ्याला थांबवू शकते काय, पुराच्या रात्री गावाला उठवू शकते काय, खिडकीपलीकडच्या अर्जदाराला माणसासारखे उत्तर देऊ शकते काय, हे शास्त्रशुद्ध रीतीने तपासण्याची व्यवस्था नसेल तर तो दर्जा नुसता शिक्का ठरेल.

संताजींनी शब्द उतरवून घेतले आणि ते काळाच्या हाती सोपविले. पण वारकरी संप्रदायाने वहीवरच भागविले नाही. अभंग म्हटला गेला, त्यावर निरूपण झाले, समोरच्या श्रोत्याची मान हलली की नाही हे पाहून कीर्तनकाराने दृष्टान्त बदलला, आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरले. वही दूरवर गेली आणि तिच्यामागोमाग माणूसही गेला, म्हणूनच ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही गाथा कळली. ऑनलाइन शिक्षणाने वही घरोघरी पोहोचविली आहे. तिच्यामागून माणूस पाठविण्याचा खर्च शासन आणि विद्यापीठे करणार की नाहीत, एवढाच प्रश्न आता उरला आहे. सुदुंबऱ्याचा विद्यार्थी तर पडद्यापुढे बसलेलाच आहे. त्याने विचारलेल्या शंकेला उत्तर देणारा कोणी तरी पलीकडे असला पाहिजे.